बाभळथडीचा शिक्का

मी एक जुना शिक्का आहे. रबराचा, सागवानी मुठीचा, तळहातात मावेल एवढा. मित्रांनो, तुम्ही पाहिलेले शिक्के दाखल्यावर उमटतात, प्रगतिपुस्तकावर उमटतात. काम करून करून ते झिजतात. कुणाची वेलांटी जाते, कुणाचा काना जातो, शेवटी नुसता जांभळा डाग पडतो. माझं तसं झालेलं नाही. माझी अक्षरं अजून कोरीकरकरीत आहेत. झिजलेला शिक्का दिसला की मला त्याचा हेवा वाटतो.

माझ्या अंगावर तीन ओळी आहेत. ग्रामपंचायत बाभळथडी, तालुका परभणी, जिल्हा परभणी. ही ग्रामपंचायत शोधायला निघालात तर सापडायची नाही. मी आधी झालो आणि ती मागून होणार होती. ती झालीच नाही. सध्या मी कडूबाई नावाच्या बाईच्या चुलीजवळच्या कोनाड्यात असतो आणि माझ्या मुठीनं ती लसूण ठेचते. त्या वासाची मला सवय झाली आहे. निदान दिवसातून दोनदा कुणीतरी हातात धरतं.

झरीकडून एक गाडीवाट शेंद्रेगावाला येते. शेंद्रेगावच्या पुढं ओढा आहे आणि ओढ्यापल्याड बाभळींची रांग. त्या रांगेच्या काठानं वसली ती बाभळथडी. शंभरएक घरं, दोन पिंपळ, एक मारुती. माणसं तिथं पिढ्यान् पिढ्या राहत होती, पण सरकारी दप्तरात बाभळथडी नावाचं काहीच नव्हतं. दप्तरात तिथं शेंद्रेगावचे शेतांचे नंबर होते. म्हणजे कागदाच्या हिशोबानं ही माणसं ज्वारीच्या पिकात राहत होती.

थडीवरच्या विहिरींचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नसे. गोडं पाणी ओढ्यापल्याड, शेंद्रेगावच्या विहिरीवर. उतारानं खाली जायचं, ओढ्यातले दगड चुकवायचे, चढ चढायचा, तिथल्या बायकांचं भरून होईपर्यंत थांबायचं आणि डोक्यावर दोन घागरी घेऊन तसंच माघारी यायचं. थडीवरच्या लिंबाजीची बायको चांगुणाबाई हे तीस वर्षं करत होती. तिची मान एका बाजूला कलली होती. तिला लोक हाक मारायचे तेव्हा ती मान न वळवता सगळी वळायची.

सरकारनं तेव्हा खेड्यापाड्यांत हातपंप द्यायला सुरुवात केली होती. लिंबाजी तालुक्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं यादी चाळली आणि म्हणाला, "हातपंप गावाला मिळतो. तुमचं गाव यादीत न्हाई. सहाशे माणसं दाखवा, वेगळी ग्रामपंचायत मागा, मग बघू." लिंबाजी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "दारात पानी आणतो तुज्या. दोन वरसं दम धर." चांगुणाबाईनं घागर उतरवली आणि म्हणाली, "तीस धरला. आनिक दोन कायचे?"

हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं. पण ज्या घरात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा निघते, तिथं कोनाड्यालाही ती पाठ होते.

माझ्या जन्माला कारण झाले रंगनाथ गुरुजी. ते शेंद्रेगावच्या शाळेत होते आणि खोली स्वस्त म्हणून थडीवर राहायचे. परभणीच्या रद्दीच्या दुकानात त्यांना अमेरिकेच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक मिळालं होतं. पुठ्ठा उंदरांनी खाल्लेला, पण चित्रं शाबूत. दर रविवारी दुपारी ते लिंबाजीच्या ओट्यावर बसून ते वाचून दाखवायचे. सुरुवातीला माणसं सावलीसाठी यायची. वायोमिंगचा भाग आला आणि माणसं गोष्टीसाठी यायला लागली.

वायोमिंग म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडचा उंच, वाऱ्याचा, गवताळ मुलूख. तिथं आगगाडीचा रूळ पडला आणि रुळाच्या कडेला चार-सहा महिन्यांत तंबूंचं गाव उभं राहिलं. मग सरकारनं त्या मुलखाला रेघ मारून दिली आणि सांगितलं, ही टेरिटरी. म्हणजे मुलूख आहे, पण राज्य नाही. गव्हर्नर दिल्लीसारख्या लांबच्या राजधानीतून यायचा. राष्ट्राध्यक्ष निवडताना यांना मत नाही. राजधानीच्या सभागृहात यांचा एक प्रतिनिधी बसायचा, त्याला बोलायची मुभा, पण मतासाठी हात वर करायची नाही.

"म्हंजी आमच्यावानीच," लिंबाजी म्हणाला. "शेंद्रेगावच्या पंचायतीत आमचा बी एक पंच बसतो. च्या पितो आन् माघारी येतो."

ओट्यावर हशा पिकला, कारण तो पंच, बन्सीधर, तिथंच बसलेला होता. बन्सीधर लिंबाजीचा चुलतभाऊ. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

गुरुजी पुढं वाचत गेले. त्या टेरिटरीनं बायकांना मत दिलं, जगात फारसं कुणी देत नव्हतं तेव्हा. चांगुणाबाई उंबऱ्याच्या आत शेंगा फोडत होती, तिचे हात थांबले. पुढं एका भयंकर हिवाळ्यात तिथली गुरं बर्फात उभ्या उभ्या मेली, तरी माणसं टिकली. टेरिटरी होऊन वीस वर्षं झाली. राज्य करा म्हणून अर्ज केला. राजधानीतून परवानगी येईना. माणसं कमी आहेत, असं तिकडचं म्हणणं. तेव्हा त्या लोकांनी काय केलं? परवानगीची वाटच पाहिली नाही. आपापसांत माणसं निवडली, एका ठिकाणी बसली आणि पंचवीस दिवसांत स्वतःची घटना लिहून काढली. ती घेऊन राजधानीचं दार वाजवलं. लोकसंख्या सांगताना थोडी सढळ हातानं सांगितली. आणि पुढच्या वर्षी वायोमिंग राज्य झालं, चव्वेचाळिसावं.

मग गुरुजींनी त्या टेरिटरीच्या मोहरेचं, म्हणजे सरकारी शिक्क्याचं चित्र दाखवलं. गोल, आत डोंगर आणि आगगाडी. "बघा," ते म्हणाले, "मोहर आधी होती. राज्य मागून झालं."

लिंबाजी त्या चित्राकडे किती तरी वेळ बघत राहिला. ज्या माणसाला आपलं नाव लिहायला एक अख्खा श्वास लागतो, तो छापील चित्राकडे तसाच बघतो. मी पुष्कळदा विचार करतो, त्या दिवशी गुरुजींनी ते पान उलटलं असतं तर मी झालोच नसतो. आणि कदाचित बरं झालं असतं.

आठ दिवसांनी लिंबाजी परभणीला सांबप्पांच्या दुकानात उभा राहिला. सांबप्पा शिक्के करायचे. कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, बोटं कायम शाईनं निळी. त्यांनी लिंबाजीचा कागद वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"मंजुरीचं पत्र कुठाय?"

"यायलंय," लिंबाजी म्हणाला.

"कवा?"

"यायलंय की."

सांबप्पा भला माणूस. त्यांनी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहिला आणि खिळे जुळवायला घेतले. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. त्यांचा साचा झाला, साच्यावर रबर तापवून दाबलं, आणि मी त्यातून सोलून निघालो. मला सागवानी मूठ लागली. सांबप्पांनी मला शाईच्या गादीवर टेकवलं आणि एका खाकी कागदावर दाबलं. आम्हा शिक्क्यांची अक्षरं अंगावर उलटी असतात. आपलं नाव सुलट पाहायचं तर आधी उमटावं लागतं. त्या खाकी कागदावर मी पहिल्यांदा वाचलं, ग्रामपंचायत बाभळथडी. मित्रांनो, मला त्या क्षणी खरंच वाटलं की ती कुठंतरी आहे.

"हा लई जपून ठेवा," सांबप्पा म्हणाले. "पत्र आल्याबिगर कुठं मारू नका. कचेऱ्या हिंडून जोडे झिजतील तुमचे."

लिंबाजीनं मला धुतलेल्या फडक्यात गुंडाळलं आणि बंडीच्या आतल्या खिशात, काळजाच्या बाजूला ठेवलं. झरीपर्यंत एस.टी.त तो तीनदा खिसा चाचपून पाहत होता. घरी आल्यावर त्यानं मला देवाशेजारच्या कोनाड्यात बसवलं. पुढचे चार महिने मला रोज हळदकुंकू लागत होतं. एवढा मान माझ्या जातीत कुणाला मिळाला नसेल.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना जीभ अडखळते, आणि मला तर जीभ नाही.

बाभळींच्या रांगेच्या खालच्या अंगाला अकरा घरं होती. बौद्धांची. ती माणसं थडीवरच जन्मली, थडीवरच राबली. मचूळ पाणी त्यांच्याही नशिबी होतं, आणि शेंद्रेगावच्या विहिरीवर तर त्यांचा नंबर सगळ्यांच्या मागून लागायचा. त्यांच्यात आश्रुबा हा बोलका, सातवी शिकलेला माणूस होता. पूर्वी लिंबाजीच्या खळ्यावर त्याचा बाप असायचा, आणि लहानपणी लिंबाजी आणि आश्रुबा एकाच ढिगावर लोळलेले. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाडा विद्यापीठाचं नाव बदलायचा, म्हणजे नामांतराचा प्रश्न पेटला. सगळ्या मराठवाड्यात घरं जळाली, माणसं मेली. आमच्या थडीवर कुणाचं घर जळलं नाही. आश्रुबाची कडब्याची गंजी मात्र जळाली. कुणी लावली ते कुणीच पाहिलं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तेव्हापासून बाभळींच्या वरचं अंग आणि खालचं अंग एकमेकांशी कामापुरतं बोलायचं.

अर्जासाठी माणसांची यादी करायची होती. लिंबाजी, बन्सीधर आणि गुरुजी ओट्यावर बसून घराघरांतली माणसं मोजत होते. वरच्या अंगाची भरली पाचशे अठ्ठावन्न. सहाशेला बेचाळीस कमी. त्याच संध्याकाळी आश्रुबा आला. ओट्याच्या खाली उभा राहिला. त्याच्या हातात वहीचा एक कागद होता.

"आबा, आमची बी नावं घ्या," तो लिंबाजीला म्हणाला. "एकसष्ट मानसं हावत आमी. मी लिवून आणलीत, वळीनं."

गुरुजींच्या तोंडावर एकदम उजेड पडला. पाचशे अठ्ठावन्नात एकसष्ट मिळवायला त्यांना बोटं लागली नाहीत. पण बन्सीधर म्हणाला, "राहू दे. मागून बघू." आश्रुबा कागद घेऊन परत गेला. तो लांब गेल्यावर बन्सीधर म्हणाला, "ते नामांतरवाले हायत. आज यादीत घ्या, उद्या म्हनतील गावाचं बी नाव बदला. आपलं गाव अजून झालंबी न्हाई आन् नाव जायचं."

लिंबाजीनं यादीचं पान उलटलं. तेव्हा आतून चांगुणाबाईनं विचारलं, "गुरुजी, त्या तुमच्या वायोमिंगात आदी कोनीच राहत न्हवतं का?"

गुरुजींनी पुस्तक मिटलं. "होते ना. शोशोनी होते, अरापाहो होते. आणखीही होते. पूर्वीपासूनचे."

"मग त्यायला मोजलं का न्हाई?"

"नाही," गुरुजी खाली बघत म्हणाले. "त्यांना एका बाजूला जागा नेमून दिली. मोजणीत धरत नव्हते त्यांना."

"ऐका," बन्सीधर म्हणाला. "तिथं बी धरले न्हाईत. तरी राज्य झालंच की न्हाई?"

एवढ्या मोठ्या गोष्टीतून माझ्या माणसांनी नेमकं हे उचललं. त्या परक्या मुलखातल्या लोकांनी वीस वर्षं वाट पाहिली, बायकांना मत दिलं, स्वतःची घटना लिहिली. त्यातलं काहीही घेण्याजोगं होतं. पण घेतलं ते त्यांचं सगळ्यात वाईट. गुरुजींनी तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता. ते चांगले होते, पण भित्रे होते. त्यांनी चष्मा पुसला.

मग बेचाळीस माणसं आणायची कुठून? ती घरातूनच निघाली. लग्न होऊन गेलेल्या लेकी माघारी आल्या, अर्थात कागदावर. दोन लेकरं तर अजून जन्मलीही नव्हती, पण त्यांची नावं ठरलेली होती म्हणून तीही बसली. तरी कमी पडली तेव्हा मेलेली उठली. लिंबाजीची आई पार्वतीबाई सहा वर्षांपूर्वी वारली होती. बन्सीधर म्हणाला, "काकी असती तर खूश झाली असती," आणि तिचं नाव तिसऱ्या पानावर लिहिलं. अशी सगळी मिळून सहाशे सात झाली. ज्या यादीत मेलेल्यांना जागा झाली, त्या यादीत अकरा घरांच्या जित्या माणसांना झाली नाही.

आठ पानं भरली. लिंबाजीनं मला कोनाड्यातून काढलं. त्यानं नवी शाईची गादी आणली होती. सांबप्पांनी सांगितलेलं तो विसरला नव्हता, पण त्याच्या डोळ्यांपुढं ते डोंगर-आगगाडीचं चित्र होतं. प्रत्येक पानाच्या खाली त्यानं मला जीव लावून दाबलं. आठ पानं, आठ ठसे. दुकानातला एक धरून नऊ. माझी आयुष्याची कमाई तेवढीच.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये चौकशीला कचेरीतले साहेब आले. साधे गृहस्थ होते, सायकलवरून घामाघूम होऊन आले. मारुतीसमोर खाट टाकली होती. सगळी थडी धुतलेले कपडे घालून जमली होती. लिंबाजीनं मला बंडीच्या खिशात घेतलं होतं. त्याचं काळीज माझ्या पाठीला धडधड लागत होतं.

आणि बाभळींच्या पलीकडं खालच्या अंगाची माणसंही येऊन उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. साहेब माणसं मोजायला आलेत एवढंच त्यांना कळलं होतं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, सगळी. आश्रुबाच्या हातात तोच वहीचा कागद होता, घड्यांवर फाटत आलेला.

साहेब नाव वाचायचे आणि माणूस 'हजर' म्हणायचा. दोन पानं सुरळीत गेली. तिसऱ्या पानावर साहेबांनी वाचलं, "पार्वतीबाई." बन्सीधरनं डोळ्यानं खूण केली आणि मागून धुरपताबाई नावाची म्हातारी म्हणाली, "हजर."

साहेबांनी वर पाहिलं. "आजी, तुम्ही तर मघाशी धुरपताबाई होतात."

"मी दोनी बी हाय," म्हातारी म्हणाली.

लोक हसले, साहेबही हसले. पण मग त्यांनी लिंबाजीला विचारलं, "पार्वतीबाई कुठं आहेत?" लिंबाजीनं बन्सीधरकडं पाहिलं. चांगुणाबाई सगळी वळली आणि म्हणाली, "माजी सासू ती. गेली. सा वरसं झाली."

साहेबांनी यादी मिटली. रागावले नाहीत. "खरी माणसं किती?"

"पाचशे अठ्ठावन्न," गुरुजी पुटपुटले.

"म्हणजे बेचाळीस कमी." साहेबांनी बाभळींकडं पाहिलं. "ती माणसं कुठली आहेत? तिकडं उभी आहेत ती. ती जर इथलीच असतील तर प्रश्न मिटला. मी आत्ता नावं घालतो आणि शिफारस लिहितो."

मित्रांनो, एक शब्द पुरे होता. हातपंप, पंचायत, नाव, चांगुणाबाईची मान, सगळं त्या एका शब्दावर अडलं होतं. मी खिशात होतो. मला वाटलं, आता लिंबाजी बोलेल. त्यानं श्वासही घेतला.

बन्सीधर आधी बोलला. "ती आमच्यात धरायची न्हाईत, साहेब."

"तुम्हाला नाही विचारलं. अर्जदार कोण? लिंबाजी तुम्ही ना? तुम्ही सांगा."

वरच्या अंगाची सगळी माणसं लिंबाजीकडं बघत होती. चुलते, मेहुणे, व्याही. लिंबाजीनं मारुतीकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं. "न्हाईत, साहेब," तो म्हणाला. "ती दुसरीकडची हायत."

साहेबांचा विश्वास बसला नसावा. त्यांनी आश्रुबाला जवळ बोलावलं. "तुम्ही कुठले?"

आश्रुबानं लिंबाजीकडं पाहिलं. लिंबाजीनं वर पाहिलं नाही. आश्रुबानं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"आबानी सांगितलं की, साहेब," तो म्हणाला. "आमी दुसरीकडचे."

तो वळला आणि त्याच्यामागं ती साठ माणसं शांतपणे खाली निघून गेली. चांगुणाबाई नवऱ्याला म्हणत होती, "आवं, हाक मारा त्यायला. अजून लांब न्हाई गेले." कुणी हाक मारली नाही.

जाता जाता साहेबांची नजर पानाखालच्या ठशावर गेली. "हा शिक्का कुणी दिला?" लिंबाजीनं मला खिशातून काढून त्यांच्यापुढं धरलं. "त्या वायोमिंगवाल्यांनी बी आदीच केला हुता, साहेब," तो म्हणाला. साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. ते काय होतं ते पुढं टपालानं कळलं. अर्जातली नावं खोटी, शिक्का खोटा, अर्ज निकाली काढला आहे.

खोटा. मला त्या एका शब्दाचं फार वाईट वाटलं. मी खोटा नव्हतो, मी लवकर झालो होतो.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. हातपंप शेंद्रेगावात बसला. गुरुजींची बदली झाली, जाताना त्यांनी ते पुस्तक लिंबाजीच्या ओट्यावर ठेवलं आणि ते पुढं चुलीत गेलं. लिंबाजीला पुन्हा अर्ज करावासा वाटला तेव्हा तो एकदा खालच्या अंगाला गेला. आश्रुबाच्या दाराला कुलूप होतं. अकरातली सहा घरं त्याच उन्हाळ्यात परभणीला गेली होती, बाकीची एकेक करून पुढच्या दोन वर्षांत गेली; मागं राहिली ती एकटी आश्रुबाची आई, पलीकडच्या खोपटात. आता वरच्या अंगानं डोकं आपटलं असतं तरी सहाशे भरणार नव्हती.

शहाऐंशीच्या वैशाखात चांगुणाबाई दोन घागरी घेऊन ओढ्यातल्या दगडावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. सात महिने खाटेवर होती. सून कडूबाई आता पाणी आणायची. चांगुणाबाईची खाट माझ्या कोनाड्यासमोरच होती. ती कधी कधी माझ्याकडं एकटक बघायची. एकदा लिंबाजीला म्हणाली, "तुमी हाक मारली असती तर आले असते वो ते." लिंबाजीनं तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली. दिवाळीनंतर ती गेली. तिला शेवटचं पाणी पाजलं तेही ओढ्यापल्याडूनच आणलेलं होतं.

मला हळदकुंकू लागणं केव्हाच बंद झालं होतं. लिंबाजीनं मला फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकलं. तिथं रबर कडक होत गेलं. शाईची गादी वाळून दगड झाली.

मग चौऱ्याण्णवची संक्रांत आली. विद्यापीठाला ते नवं नाव लागलं, सोळा वर्षांनी. दुसऱ्या दिवशी आश्रुबा थडीवर आला. त्याची म्हातारी आई तेवढी अजून खाली राहत होती, गाव सोडायला तयार नव्हती. तिला पेढे द्यायला आला होता. जाताना तो लिंबाजीच्या ओट्याशी थांबला. दहा वर्षांत पहिल्यांदा.

"आबा, तिळगूळ घ्या," तो म्हणाला आणि पेढा पुढं केला. "आमचं नाव लागलं."

लिंबाजी आता पार थकला होता. त्यानं पेढा घेतला, पण खाल्ला नाही. तो उठून आत गेला, ट्रंक उघडली, मला काढलं आणि एक कोरा कागद घेतला. ओट्यावर आला आणि म्हणाला, "आश्रुबा, तुमची एकसष्ट नावं सांग. लिवतो."

"आता कायला, आबा?"

"सांग."

आश्रुबानं त्याच्याकडं पाहिलं आणि मग तो ओट्यावर टेकला. ओट्याच्या खाली नाही, वर. आणि सांगायला लागला. त्याला सगळी पाठ होती. लिंबाजीला एकेका नावाला एक अख्खा श्वास लागत होता. दुपार कलली. मधेच आश्रुबा म्हणायचा, "ह्यो वारला," "ही बी गेली," "ही पोरं पुन्याला हायत." लिंबाजी म्हणायचा, "असू दे, सांग." त्या यादीतही आता मेलेली माणसं होतीच. शेवटी एकसष्ट झाली.

लिंबाजीनं शाईची गादी उघडली. त्यात शाई नव्हती. त्यानं शेजारच्या तांब्यातलं पाणी तिच्यावर शिंपडलं, मला तिच्यावर घासलं आणि कागदाच्या खाली दाबलं. अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबलं. हा माझा दहावा ठसा.

शाई आली नाही, पाणी आलं. कागदावर ओली अक्षरं उमटली, अगदी सुबक, एकही वेलांटी न मोडलेली. ग्रामपंचायत बाभळथडी. दोघं त्याच्यावर वाकून बघत राहिले. उन्हात ते वाळायला वेळ लागला नाही. आधी कडा गेल्या, मग 'बाभळथडी' गेलं, मग काहीच नव्हतं.

"निघतो, आबा," आश्रुबा म्हणाला. "गाडी चुकंल."

"कागद घेऊन जा."

"नगं. तुमच्याकडंच राहू द्या."

लिंबाजी त्याच पावसाळ्यात गेला. तो कागद ट्रंकेत आहे, मी चुलीजवळच्या कोनाड्यात. कडूबाई रोज दोन घागरी घेऊन ओढा ओलांडते. तिची मान आता एका बाजूला कलायला लागली आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती शिक्के येतील, याद्या येतील. त्यांना जपा, असं मी सांगणार नाही; मला लिंबाजीनं खूप जपलं. एवढंच सांगतो, यादीला बसाल तेव्हा ओट्याखाली कुणी कागद घेऊन उभं आहे का ते आधी पाहा. ते फार वेळ उभं राहत नाही. आमच्या थडीवर आज सहाशे माणसं नाहीत आणि पुढंही व्हायची नाहीत. माझी अक्षरं तशीच कोरी राहतील. कडूबाई आली. लसूण सोलून झाला असावा.